सरांच्या शेजारच्या खाटेवर कोण असेल?

अगं, सरांना व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करायचं म्हणून फोनवर तू बरंच काही विचारलंस. पैसे किती लागतील, शाळेत काय सांगू, पोरांना काय सांगू, सासूबाई सारख्या रडतात त्यांना कसं आवरू. त्या सगळ्याकडे येते मी. पण मध्येच आवाज खाली आणून जे विचारलंस ना, "ताई, हे शिक्षक आहेत गं, तिथे कसल्या कसल्या माणसांत राहावं लागेल यांना?", त्याचं उत्तर आधी देते. पैशाचं काहीतरी जमवशील तू, मला खात्री आहे. तुझं पाऊल अडलंय ते या प्रश्नापाशी.

बघ, तुझ्या डोळ्यांसमोर कोण येतं ते मला न सांगता कळतं. आपण चेण्याची माणसं. एकीकडे नॅशनल पार्कचं जंगल, दुसरीकडे घोडबंदर रस्ता. वरसावे नाक्याला खोळंबलेल्या ट्रकांची रांग, सुट्टीच्या दिवशी नदीवर बाटल्या घेऊन उतरणारी शहरातली पोरं, काशीमिऱ्याकडे हायवेला लागलेल्या बारच्या पाट्या. व्यसन म्हटलं की आपल्याला हेच दिसतं. इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी शाळेत जाणारा, गावातली लहानमोठी सगळी ज्याला सर म्हणतात तो माणूस त्यात कुठे बसत नाही. म्हणून तर तू इतकी वर्षं "यांना थोडी सवय आहे" म्हणत राहिलीस. आणि गावानेही कधी विचारलं नाही, कारण सरांना कोण विचारणार?

आता मी काय पाहिलं ते ऐक. आमचे हे बँकेत कॅशियर, ते तुला माहीत आहेच. ते दाखल झाल्यावर कुटुंबातल्या माणसांची बैठक असते तिथे मला बोलावलं. गोल करून बसलेल्या बायका, काही आया, कोपऱ्यात एक म्हातारे वडील. मी मान खाली घालून बसले होते. शेजारच्या बाईंनी त्यांची पाळी आल्यावर सांगितलं की नवरा भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या वेळी माणसाला झोपवणारा डॉक्टर! दुखणं थांबवायची जी इंजेक्शनं, ती तो स्वतःला टोचून घ्यायला लागला होता. रात्रंदिवस ती औषधं हाताशी, आणि डोक्यात एकच खात्री की मला डोस कळतो, मला काही होणार नाही. त्या बाई म्हणाल्या, "मला संशय आला तेव्हा मी विचारणार कोणाला? घरातला डॉक्टर तर तेच."

त्यांच्या पलीकडची पोलीस हवालदाराची बायको. रात्रीचा बंदोबस्त संपवून तो सकाळी घरी येणार, बाहेर ऊन, मुलांची शाळेची गडबड, झोप लागेना. झोपेसाठी म्हणून सुरू झालेलं. मग एका गावचे कीर्तनकार. गळ्यात तुळशीची माळ. माळ घालणाऱ्याने दारूला शिवायचं नसतं, त्यामुळे त्यांची लपवाछपवी सगळ्यांहून मोठी. लांबच्या तालुक्याला जाऊन आणायची, आणि कीर्तनाची तारीख आली की घरात बायकोचा जीव मुठीत. औषधाच्या दुकानाचा एक मालक होता, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांत बुडालेला. एक मोठ्या हॉटेलातला खानसामा. आणि तो कोपऱ्यातला म्हातारा बाप आला होता मुलीसाठी. मुलगी परिचारिका, रात्रपाळ्या करून करून झोपेच्या गोळ्यांवर आलेली.

खरं सांगू का, त्या दिवशी माझ्या छातीवरचा मोठा दगड उतरला. दुसऱ्यांचं दुःख बघून कोणाला बरं वाटत नाही, मलाही नाही वाटलं. पण "आमच्यासारख्या घरात असं कसं झालं?" हा जो प्रश्न मला रात्री झोपू देत नव्हता, तो तिथे कोणीच विचारत नव्हतं. तिथे सगळीच "आमच्यासारखी" घरं होती.

आणि हे काही आजचं नाही गं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, ज्याला सगळे एए म्हणतात, ते सुरू कसं झालं ठाऊक आहे? अमेरिकेत ऍक्रन नावाच्या गावात, १९३५ साली. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला माणूस, धंद्याच्या कामासाठी तिथे आलेला. नुकतीच दारू सोडलेली, काम फसलं, हॉटेलात एकटा, समोर बार. त्याने बारमध्ये जायच्या ऐवजी फोन फिरवले, आणि माझ्यासारखाच दारूने गांजलेला कोणी या गावात आहे का, म्हणून विचारणा केली. त्याला भेटवलं ते डॉ. बॉब स्मिथ यांना. हे कोण, तर सर्जन! पंधरा मिनिटांत उठायचं असं ठरवून डॉक्टर आले होते, आणि दोघं कित्येक तास बोलत बसले. पुढे डॉक्टर एकदा पुन्हा घसरले. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हात थरथरत होते, ते स्थिर व्हावेत म्हणून बिलने त्यांना बिअर दिली. ती त्यांची शेवटची. १० जून १९३५. एए आपला स्थापना दिवस तोच मानतं. त्यानंतर ते दोघं इस्पितळात दाखल असलेल्या तिसऱ्याला शोधायला गेले, तो निघाला वकील.

शेअर बाजारवाला, सर्जन आणि वकील. पहिले तिघे हे! आपल्याकडे गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला सुधाकरही वकीलच होता की. शंभर वर्षांपूर्वी त्यांना ते दिसलं होतं. बुद्धी चांगली, मान मोठा, आणि त्या मानाला धक्का बसला की हात कुठे जातो तेही.

आता आपल्या जवळचं सांगते. फादर जो परेरा यांचं नाव ऐकलंयस का? चर्चमधले धर्मगुरू. लोक ज्यांच्यापुढे आपली पापं सांगायला येतात तो माणूस, आणि स्वतः दारूच्या आजारातून बाहेर आलेला. त्यांनी ते लपवलं नाही. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये 'कृपा फाउंडेशन' सुरू केलं. बी. के. एस. अय्यंगारांचे ते शिष्य, म्हणून उपचारात योगासनंही आणली. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चर्चचे फादर हे सगळ्या जगाला सांगू शकले, तर तुझे सर चार भिंतींच्या आतल्या गटात नक्की सांगू शकतील.

पुण्याच्या 'मुक्तांगण'ची गोष्ट तर मराठी घरांतली आहे. अनिल अवचटांनी गर्द नावाच्या अमली पदार्थाच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हलले, मदतीला पुढे आले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झालं. ते उभं केलं डॉ. अनिता अवचटांनी. मानसोपचारतज्ज्ञ होत्या त्या. १९९७ साली त्या कॅन्सरने गेल्या, आता त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर काम बघते. तिथलं मला सगळ्यात आवडतं ते हे, की काम करणाऱ्यांत पुष्कळजण पूर्वी तिथेच उपचार घेऊन गेलेले आहेत. म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या समोर बसून जो बोलतो, त्याने तेच सगळं भोगलेलं असतं. त्याला थापा मारता येत नाहीत. बायकांसाठी तिथे 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे, आणि आपल्यासारख्या बायकोमाणसांसाठी 'सहचरी' गट. राहून घ्यायचा उपचार साधारण पस्तीस दिवसांचा असतो.

तर आता तुझा प्रश्न. तिथे कसली माणसं असतील? ट्रक चालवणारा असेल, आणि चांगलं आहे ते! असूच दे. माझं ऐक, त्याच्याशीच सरांची गट्टी जमेल बघ. आमच्या यांना तिथे सगळ्यात मोठा आधार कोणी दिला असेल? टेम्पो चालवणाऱ्या एका मुलाने. यांच्या निम्म्या वयाचा. यांना सही करताना हात थरथरायचा त्याची लाज वाटायची, कॅशियरचा हात ना तो. त्या मुलाने सांगितलं, "काका, माझा स्टिअरिंगवर थरथरायचा. जाईल." एवढंच. मी वर्षानुवर्षं जे समजावत होते ते यांच्या कानात गेलं नव्हतं, आणि हे गेलं. सकाळी झाडू मारायची पाळी सगळ्यांना, भांडी घासायची पाळी सगळ्यांना. तिथे पद, पगार, डिग्री दाराबाहेर राहते. सरांना पहिले काही दिवस जड जाईल ते. वर्गात सगळे उभे राहतात ना त्यांच्यासाठी. जाऊ दे जड.

पण मला तुला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. त्या बैठकांना बसून बसून मला एक कळलं. कोणता पेशा व्यसनापासून लांब आहे असं आपण म्हणतो, ते बाहेरून. आतून बघितलं की प्रत्येक कामाला एक चोरदरवाजा असतो. डॉक्टरच्या हाताशी औषध असतं आणि ज्ञानाचा विश्वास असतो. पोलिसाची झोप मोडलेली असते. हॉटेलातलं स्वयंपाकघर रात्री उशिरा बंद होतं, तेव्हा दुसरं काहीच उघडं नसतं, बारशिवाय. ड्रायव्हरला लांबचा रस्ता आणि एकटेपणा. कीर्तनकाराला सगळा गाव चांगला म्हणतो, त्यामुळे वाईट वाटलं तर सांगायला कोणी उरत नाही. आमच्या यांचा दरवाजा होता मार्चअखेर. हिशेब जुळेपर्यंत रात्र, मग "आज सुटलो" म्हणून सगळ्यांबरोबर बसायचं. पुढे पुढे प्रत्येक महिन्याची अखेर ही मार्चअखेर झाली.

सरांचा दरवाजा कोणता, ते तू शोधायचंस. तू शोधू शकतेस, कारण त्यांचा दिवस तुझ्याइतका कोणालाच माहीत नाही. शाळा दुपारी सुटते, क्लास संध्याकाळी असतो, मधले दोन-तीन तास कुठे जातात? क्लासची फी रोखीत येते, ती घरात किती येते? मे महिन्याच्या सुट्टीत वाढतं का? पेपर तपासायच्या दिवसांत? पालकसभेनंतर? मनात आठव, एका वहीत लिहून ठेव. आरोपपत्र नको हं करू त्याचं, त्यांच्या तोंडावर तर मुळीच फेकू नकोस. दाखल करताना समुपदेशक तुला वेगळं बसवून विचारतील, तेव्हा हे कामाला येईल. आणि बैठकीत कोणी शिक्षकाची बायको भेटली तर तिला सोडू नकोस. ती तुला जे सांगेल ते मीही सांगू शकणार नाही.

आता कामाची गोष्ट, आणि ही नीट ऐक. दाखल करायच्या आधी घरी "बंद म्हणजे बंद" असं काही करायचं नाही. मला माहीत आहे, सासूबाई म्हणतायत खोलीत कोंडून ठेवू चार दिवस. अजिबात नाही! रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा-आठ तासांत थरथर, घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणूस आपल्याच घरात घर कुठेय विचारतो. हे जिवावर बेततं गं. त्यासाठी गोळ्या असतात, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं असतात, पण ती डॉक्टरच्या देखरेखीत. आधी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं. खाजगी झेपत नसेल तर मुंबईत केईएम, नायर, जे. जे. यांचे मानसोपचार विभाग आहेत, फार थोड्या पैशांत होतं. ठाण्याचं सरकारी मनोरुग्णालय तर आपल्याला घोडबंदर रस्त्याने सरळच. "मनोरुग्णालय" या शब्दाने दचकू नकोस. १९०१ सालापासून उभं आहे ते, आणि कितीतरी घरं त्या फाटकातून धीर घेऊन परत आली असतील. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. मन फार खचलं तर टेलिमानसचा १४४१६. तुझ्यासाठीही आहे तो, फक्त त्यांच्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट. "न सांगता चहात घाला, आपोआप सुटेल" अशी पावडर तुझ्या वहिनीने सुचवली आहे म्हणालीस. हात लावू नकोस. दारू सोडवायची एक गोळी असते, डायसल्फिराम, ती घेतलेली असताना माणूस प्यायला तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब पडतो, कधी प्राणावर येतं. म्हणून डॉक्टर ती देतात तेव्हा आधी तपासतात, समजावतात, आणि माणसाच्या संमतीने देतात. चोरून दिलेल्या पुडीत काय आहे ते तुला कोण सांगणार? आणि एकदा का त्यांना कळलं, तर तुझ्या हातचा चहा ते पुन्हा विश्वासाने पितील का? पुढच्या सगळ्या महिन्यांत त्या विश्वासावरच तर चालायचंय.

तिसरी, केंद्र निवडताना. उचलून नेणारे, बांधून ठेवणारे, मारून सुधारणारे, अशांच्या जाहिराती भिंतींवर दिसतील तुला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक आजारांनाही लागू आहे. त्यात साखळदंडाला बंदी आहे, मारहाणीला बंदी आहे, घरच्यांशी बोलायचा आणि भेटायचा हक्क आहे. तू सरळ विचारायचं: तुमची नोंदणी दाखवा, मानसोपचारतज्ज्ञ कोण आहेत आणि किती वेळा येतात, रात्री फिट आली तर कुठे नेता, मी कधी भेटू शकते. विचारताना संकोच नको. बाजारात मासळी घेताना तू कल्ले उघडून बघतेस, तेवढ्या ठणकावून विचार. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करेल, तिथून उठायचं.

शाळेचं. याच कायद्यात गुप्ततेचाही हक्क आहे. आजारपणाच्या रजेचा अर्ज करा, डॉक्टरांशी आधी बोलून प्रमाणपत्रात काय लिहायचं ते ठरवा. मुख्याध्यापकांना किती सांगायचं हे सरांनी ठरवावं, तू परस्पर सांगू नकोस. मात्र खोटी कहाणी रचू नका हं, गावाला आजोबा आजारी आहेत वगैरे. ती पुढे दोघांना सांभाळत बसावी लागते. "तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत" एवढं वाक्य पुरतं, आणि ते खरं आहे. शेजाऱ्यांनाही तेच. कोणी खोदून विचारलंच तर माझ्याकडे पाठव, मी बघते.

पोरांचं मला जास्त वाटतं. थोरला आठवीत ना? त्याला सगळं माहीत आहे, तू समजतेस त्याहून जास्त. वडिलांच्याच शाळेत शिकतो, वर्गातली मुलं काय बोलतात ते तो घरी सांगत नसेल. त्याला बसवून सांग की बाबांना दारूचा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि ते उपचाराला चाललेत. धाकटीला एवढंच, की बाबा दवाखान्यात राहून बरे होऊन येणार. आणि थोरल्याला घरातला बाप्या करू नकोस. आठवीतला मुलगा आहे, त्याला क्रिकेट खेळायला जाऊ दे.

तू म्हणालीस ना, "लोक म्हणतील एवढा शिकलेला माणूस, याला कशाला लागतं व्यसनमुक्ती केंद्र." बघ, दिल्लीच्या एम्सने सरकारसाठी देशभर पाहणी केली होती, २०१९ साली आली ती. दारूच्या पूर्ण कह्यात गेलेल्या अडतीस जणांपैकी एकाला कसलाही उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार घेणारा एकशे ऐंशींत एक. बाकीचे सगळे कुठे आहेत? घरात. शाळेत, बँकेत, पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, आपापल्या खुर्चीवर बसलेले. त्यांच्या बायका रात्री दार उघडताना वास घेतायत. सर आता जायला तयार झालेत, तर त्यांना लोकांच्या धाकाने मागे ओढू नकोस.

परत आल्यानंतरचं मात्र आत्तापासून डोक्यात ठेव. बरं होऊन आलेला माणूस त्याच रस्त्यावर, त्याच शाळेत, त्याच गावात येतो. आपल्याकडे लग्नसराई म्हणजे हळदी. आगरी माणसाची हळद आणि त्या रात्रीचा मांडव काय असतो ते तुला मी सांगायला नको. पहिलं वर्ष हळदीला सर जाणार नाहीत. सकाळच्या लग्नाला जाऊन अक्षता टाकून, जेवून यायचं. कोणाला राग आला तर येऊ दे, तुझ्या सख्ख्या भावाची हळद असली तरी हाच नियम. शाळा सुटल्यानंतरचे ते मधले तास रिकामे ठेवायचे नाहीत, पण तू पहारा करायचास असाही त्याचा अर्थ नाही. एएच्या सभा असतात, केंद्रांच्या पाठपुराव्याच्या बैठका असतात. तिथे त्यांना त्यांची माणसं भेटतील. आमचे हे अजून जातात. यांच्या गटात निवृत्त फौजदार आहेत, एक चित्रकार आहे, रिक्षा चालवणारे दोघं आहेत, आणि एक दात काढणारे डॉक्टर, ज्यांच्याकडे आता आमचं सगळं घर जातं.

आणि घसरण झाली तर? होऊ शकते. मी तुला खोटा धीर देणार नाही. पुष्कळांची होते, आणि पुष्कळजण त्यानंतर उभे राहतात. डॉ. बॉबसुद्धा घसरलेच होते ना. तेव्हा रडून-ओरडून घर डोक्यावर घ्यायचं नाही, त्याच दिवशी समुपदेशकाला फोन करायचा. नंबर फ्रिजवर लावून ठेव.

तुझ्यासाठी एक सांगायचं राहिलं. बिल विल्सनची बायको लोइस. नवरा सुधारला, सभांना जायला लागला, आणि हिच्या लक्षात आलं की इतकी वर्षं सांभाळता सांभाळता आपणही आतून मोडलोय. तिने ऍन नावाच्या मैत्रिणीला घेऊन १९५१ साली घरच्यांसाठी गट सुरू केला, अल-अनॉन. तो आपल्याकडेही आहे. सर दाखल असताना तू घर आवरायला काढशील, पडदे धुशील, लोणची घालशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे. त्याऐवजी दोन दिवस नुसती झोप काढ. मग गटात जा. पहिल्यांदा बोलता नाही आलं तरी चालतं, ऐकून यायचं.

पैशांचं असं कर. केंद्राकडे खर्च लेखी माग, हप्त्यात देता येतील का विचार, गरिबाला सवलत असते तशी आपल्याला मिळेल का तेही विचार. दागिना लगेच मोडू नकोस. सरांचा पगार ज्या खात्यात येतो त्याचं कार्ड आणि पासबुक त्यांच्या समोर, त्यांना सांगून तुझ्याकडे घे. घेतलेली उधारी किती आणि कोणाकोणाची, ते त्यांच्याकडून लिहून घे जाण्याआधी, म्हणजे मागून दारात येणाऱ्यांना काय बोलायचं ते कळेल.

बॅगेत साधे कपडे, दोन टॉवेल, चपला, चष्म्याचा जादा जोड, चालू असलेल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, आधार कार्डाची प्रत. दाढीचं सामान न्यावं का ते केंद्राला विचार. सेंट, आफ्टरशेव्ह देऊ नकोस, त्यात अल्कोहोल असतं. पुस्तकं दे एक-दोन, शिक्षक माणूस आहे. सकाळी लवकर निघा, म्हणजे ठाण्यापर्यंत गायमुखाच्या गर्दीत अडकणार नाही. मी पोरांचा डबा करून पाठवते, आणि सासूबाईंपाशी दिवसभर बसते. त्यांना गोष्ट सांगीन मी त्या सर्जनची.